इतिहास शिकवणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना खुलं पत्र: मार्क ब्लॉकना पाच मार्कांच्या टिपेतून बाहेर काढा

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कॉलेजला नाही, विद्यापीठाला पण नाही, इतिहासलेखनशास्त्राचा पेपर शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे. त्या पेपरात अ‍ॅनल्स संप्रदाय असतो, म्हणजे इतिहास लिहिण्याचा एक फ्रेंच विचारप्रवाह, आणि त्यात एक ओळ ठरलेली असते, की 1929 साली मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र या दोन फ्रेंच इतिहासकारांनी अ‍ॅनल्स हे नियतकालिक सुरू केलं. मग लगेच त्यांच्या पुढच्या पिढीतले ब्रोदेल, मग दीर्घ कालखंडाचा इतिहास, मग पुढचा संप्रदाय. पोरं पाठ करतात, टीप लिहितात, मार्क पडतात, विषय संपतो. पोर्शन पूर्ण करायचा असतो, त्यात इंटर्नल, असाइनमेंट, सगळं एका सेमिस्टरमध्ये बसवायचं असतं हे मला कळतं, त्यामुळे तुम्हाला दोष द्यायला मी लिहीत नाहीये. पण त्या एका ओळीत एक अख्खा माणूस गाडला गेलाय, आणि तो माणूस जर पोरांना भेटला तर त्या पेपरातलं निम्मं आपोआप समजेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

मी त्यांना मनातल्या मनात ब्लॉक सर म्हणतो, इथेही तसंच म्हणणार आहे.

ब्लॉक सरांचं इतिहासाच्या पद्धतीवरचं जे शेवटचं, अर्धवट राहिलेलं पुस्तक आहे ना, त्याची सुरुवात कुठल्या व्याख्येने होत नाही, एका पोराच्या प्रश्नाने होते. त्यांच्या जवळच्या नात्यातला एक लहान मुलगा आपल्या इतिहासकार बापाला विचारतो की बाबा, इतिहासाचा उपयोग काय ते मला सांगा ना. बस. पुढचं सगळं पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि सर सुरुवातीलाच म्हणतात की लेखकाला विद्वानांशी आणि शाळकरी पोरांशी एकाच सुरात बोलता यावं, याहून मोठी शाबासकी त्यांना माहीत नाही. आता हे कोण लिहितंय बघा. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक राहिलेला माणूस, सहा मुलांचा बाप, ज्याची लायब्ररी जर्मनांनी पॅरिसच्या घरातून उचलून नेलेली आहे, ज्याच्याकडे टिपणं नाहीत, संदर्भ नाहीत, आणि जो ज्यू आहे म्हणून त्याच्याच देशाने त्याला दुय्यम नागरिक करून टाकलंय. अशा वेळी तो बसून पोराच्या प्रश्नाचं उत्तर लिहितोय, तेही अतिशय शांतपणे, कुठेही आदळआपट नाही.

त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखं जाणवत राहतं की त्यांचं घर आणि त्यांचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. वडील गुस्ताव ब्लॉक हे स्वतः प्राचीन रोमच्या इतिहासाचे मोठे प्राध्यापक, म्हणजे घरात लहानपणापासून हेच वातावरण. सरांचा जन्म 6 जुलै 1886 चा, ल्यों शहरातला, आणि घराणं जर्मनीच्या सीमेवरच्या आल्सास भागातलं. 1919 मध्ये सिमॉन विदाल यांच्याशी लग्न झालं, त्याच सुमारास स्ट्रासबर्ग विद्यापीठात नोकरी लागली, आणि पुढे 1936 पर्यंत मुक्काम तिथेच. संसार तिथे वाढला, मुलं तिथे मोठी झाली, फेव्र तिथेच भेटले आणि अ‍ॅनल्सचा जन्मही तिथलाच.

1924 मध्ये त्यांचं राजस्पर्शावरचं पुस्तक आलं. फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे गंडमाळेच्या, म्हणजे मानेत गाठी येण्याच्या आजाराच्या रोग्यांना हात लावायचे आणि लोकांची श्रद्धा अशी की राजाच्या स्पर्शाने रोग बरा होतो. ही श्रद्धा शतकानुशतकं टिकली, फ्रान्समध्ये तर 1825 मध्ये दहाव्या चार्ल्सने सुद्धा तो विधी केला. आता दुसरा कुणी असता तर अंधश्रद्धा म्हणून दोन ओळीत निकालात काढलं असतं. सरांनी काय विचारलं, तर एवढी शहाणी माणसं इतकी शतकं यावर विश्वास का ठेवत होती, त्यांना तसं का हवं होतं? त्यांनी कर्मकांडं बघितली, हिशोबाच्या वह्या बघितल्या, औषधाचा इतिहास बघितला. आणि यातली वैद्यकीय बाजू उलगडायला त्यांचा सख्खा भाऊ मदतीला होता, तो डॉक्टर. पुस्तक छापून यायच्या आत, 1922 मध्ये, तो भाऊ गेला. पुढच्या वर्षी वडील गेले. प्रस्तावनेत सर दोघांचं ऋण लिहून ठेवतात. म्हणजे आज आपण ज्याला मानसिकतेचा इतिहास म्हणून युनिट तीनमध्ये शिकतो, त्याचा एक धागा या दोन भावांच्या बोलण्यातून आलाय. हे वर्गात कुणी सांगितलं तर पोरांना ते कायम लक्षात राहील.

पहिल्या महायुद्धाची गोष्ट तर आजच्या पोरांना सांगायलाच हवी. ब्लॉक सर 1914 मध्ये सार्जंट म्हणून गेले आणि कॅप्टन होऊन परत आले, चार वर्षं खंदकात काढली. आणि तिथून आल्यावर 1921 मध्ये त्यांनी युद्धातल्या अफवांवर एक लेख लिहिला. त्यातलं एक उदाहरण सांगतो. 1917 मध्ये त्यांच्या तुकडीने एक जर्मन कैदी पकडला, चौकशीत कळलं की तो ब्रेमेनचा व्यापारी. थोड्याच वेळात मागच्या फळीत बातमी फिरायला लागली की जर्मनांचा एक हेर पकडलाय, तो युद्धाच्या आधीपासून ब्रेनमध्ये दुकान थाटून बसला होता. ब्रेन हे तिथलंच जवळचं फ्रेंच गाव. फ्रेंचमध्ये दोन्ही नावं कानाला जवळजवळ सारखीच लागतात, पण सर म्हणतात की फक्त ऐकण्यातली चूक म्हणून सोडून देऊ नका, एवढ्या सगळ्या कानांनी एकच चूक का केली ते बघा. कारण लोकांना आधीच वाटत होतं की जिकडेतिकडे हेर पेरलेले आहेत, त्यामुळे जे मनात होतं तेच कानाने ऐकलं. अफवा हवेतून येत नाही, तिच्यासाठी जमीन आधी तयार असावी लागते. आज पोरांच्या फोनवर इतिहासाच्या नावाखाली दिवसभर जे फॉरवर्ड येतात त्यांच्याकडे बघायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही, आणि हा धडा शंभर वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने खंदकातला चिखल तुडवून आल्यावर लिहून ठेवलाय. खोटी बातमी खोटी आहे एवढं सिद्ध करून तो थांबला नाही, ती बातमी तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या लोकांबद्दल काय सांगते हे त्याने विचारलं. साधनचिकित्सा म्हणतात ती हीच ना?

त्यांची शेतांवरची आवड पण अशीच. 1931 मध्ये आलेल्या फ्रेंच ग्रामीण इतिहासात ते शेतांचे आकार वाचतात. उत्तरेकडे लांबच लांब पट्ट्यांची उघडी शेतं, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी वेडीवाकडी. मग नांगर बघायचा, चाकांचा जड नांगर वळवायला किती जागा लागते ते बघायचं, गावाने मिळून जनावरं चारायचे नियम बघायचे. आणि पद्धत कशी, तर आज जे डोळ्यासमोर दिसतंय तिथून मागे मागे जायचं. अठराव्या शतकातले नकाशे हातात घ्यायचे आणि त्यातून मध्ययुग वाचायचं. बेल्जियमचे इतिहासकार पिरेन यांच्याबरोबर ते एकदा स्टॉकहोमला गेले होते. पोचल्या पोचल्या पिरेन म्हणाले, आधी काय बघायचं, इथे नवीन टाऊन हॉल झालाय म्हणे, तिथूनच सुरू करू. आणि वर म्हणाले की मी जुन्या वस्तूंचा शौकीन असतो तर मला फक्त जुनंच दिसलं असतं, पण मी इतिहासकार आहे, म्हणून मला आयुष्य आवडतं. सरांना हे वाक्य इतकं पटलं की त्यांनी ते पद्धतीवरच्या त्या शेवटच्या पुस्तकात घातलं. आपल्याकडे इतिहास घेतला की लोक विचारतात ना, जुनी मढी उकरून काय मिळणार, त्यांच्यासाठी ही गोष्ट आहे.

आता 1939. सर 53 वर्षांचे, घरात सहा मुलं, कायद्याने त्यांना युद्धावर जायची गरजच नव्हती. ते गेले. फ्रेंच सैन्यातला सगळ्यात म्हातारा कॅप्टन असं ते स्वतःबद्दल म्हणायचे. काम मिळालं पेट्रोलचा पुरवठा बघायचं, आणि तेही त्यांनी एखाद्या संशोधनासारखं मन लावून केलं. पराभव झाला, डंकर्कहून इंग्लंड, तिथून लगेच परत फ्रान्स, आणि जून 1940 मध्ये जर्मन रेन शहरात घुसले तेव्हा सर तिथेच होते. त्यांनी काय केलं, तर गणवेश उतरवला, साधे कपडे घातले, हॉटेलात गेले आणि रजिस्टरमध्ये खरं नाव आणि खरा पेशा लिहून खोली घेतली. पिकलेल्या केसांच्या प्राध्यापकामागे सैन्याचा अधिकारी असेल असं कुणाच्या मनात येणार नाही हा त्यांचा हिशोब, आणि तो बरोबर निघाला. तिथून ते घरच्यांकडे पोचले. त्याच उन्हाळ्यात, काही महिन्यांत, त्यांनी पराभवाची चिकित्सा लिहून काढली, सेनापतींची, पुढाऱ्यांची आणि त्यात स्वतःच्या पिढीच्या प्राध्यापकांची सुद्धा, की आम्ही अभ्यासिकेत बसून राहिलो, नागरिक म्हणून जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही. ते हस्तलिखित लपवून ठेवावं लागलं आणि छापून आलं 1946 मध्ये, तेव्हा लिहिणारा हयात नव्हता.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच कुठे शिकवला जात नाही. ऑक्टोबर 1940 मध्ये विशी सरकारने, म्हणजे पराभवानंतर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारने, ज्यूंविरुद्ध कायदा आणला, ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. सरांना त्यांच्या कामामुळे अपवाद म्हणून शिकवायची परवानगी मिळाली, पण पॅरिसला परत जायची सोय राहिली नव्हती. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधून नोकरीचं बोलावणं आलं. एकटे निघाले असते तर वाचले असते, असं आपण आज सहज म्हणतो. पण त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता, घरच्या सगळ्यांचं काय? मोठ्या मुलांच्या व्हिसाची अडचण, वयाची ऐंशी ओलांडलेली आई, कागदपत्रं एका दारातून दुसऱ्या दारात फिरतायत, आणि सगळे मिळून जाता येत नसेल तर जायचं नाही हे त्यांचं पक्कं. 1941 मध्ये आई गेली. सिमॉनबाईंची तब्येत ढासळली, त्यांना हवा मानवेल म्हणून सरांनी माँपेलिएला बदली मागून घेतली. अमेरिका राहूनच गेली. इतिहासाच्या पुस्तकात या सगळ्याला व्हिसा मिळाला नाही असं तीन शब्दांत लिहितात, पण ज्याने आईवडिलांना मागे ठेवून कुठे जायचं की नाही याचा कधी विचार केलाय त्याला कळेल की त्या तीन शब्दांत किती रात्री आहेत.

त्यातच अ‍ॅनल्सचं प्रकरण. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये ज्यू माणसाची मालकी असलेलं नियतकालिक चालवणं अशक्य होतं, आणि फेव्र यांचं म्हणणं पडलं की ब्लॉकनी आपलं नाव काढून घ्यावं म्हणजे नियतकालिक जगेल. दोघांची खूप वादावादी झाली, पत्रं गेली आली. शेवटी सरांनी मान्य केलं, आणि पुढे फूजेर या टोपणनावाने त्याच नियतकालिकात लिहीत राहिले. फूजेर म्हणजे जिथे त्यांचं गावाकडचं घर होतं ती जागा. फेव्र चुकले की बरोबर होते यावर आजही मतं वेगवेगळी आहेत, मला विचाराल तर त्यांनी मित्राकडून फार मोठी गोष्ट मागितली. पण मैत्री तुटली नाही, उलट पद्धतीवरचं ते अर्धवट पुस्तक सरांनी फेव्रना उद्देशूनच लिहिलं, आणि 1949 मध्ये फेव्रनीच ते प्रकाशित केलं. एकाच टिपेत संस्थापक म्हणून शेजारी शेजारी लिहिलेली ही दोन नावं, त्यांच्यामध्ये हे एवढं सगळं घडलेलं आहे.

नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मनांनी दक्षिण फ्रान्सही व्यापला, कुटुंब फूजेरला गेलं आणि 1943 मध्ये सर ल्योंमध्ये भूमिगत चळवळीत, फ्राँ-तिरर गटात सामील झाले. त्यांना गटात आणलं एका तरुण पोराने, विशीतल्या. त्या वेळी गटाचे एक नेते जॉर्ज आल्तमान यांनी पुढे लिहून ठेवलंय की समोर बघतो तर पन्नाशीचे एक सभ्य गृहस्थ, कोटाला सन्मानाचं पदकचिन्ह, चष्मा, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात काठी. मला हे वाचताना दर वेळी वाटतं, आपल्या ओळखीचा कुठलाही प्राध्यापक असाच दिसतो. आणि हा माणूस आता टोपणनावाने निरोप पोचवतोय, गुप्त कागद नेतोय, पोरांच्या वयाच्या लोकांचे हुकूम ऐकतोय. त्यांनी त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं कुणी लिहिलेलं नाही.

8 मार्च 1944 ला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडलं. छळ झाला, आजारी पडले, माँल्युक तुरुंगात ठेवलं. तिथल्या एका तरुण कैद्याला ते फ्रान्सचा इतिहास शिकवत असत असं सांगतात. 16 जून 1944 च्या रात्री, नॉर्मंडीत मित्रराष्ट्रांचं सैन्य उतरून दहा दिवस झाले होते, जवळपास तीस कैद्यांना गाडीत घालून सँ-दिदिए-द-फोर्मां गावाजवळच्या शेतात नेलं आणि चार-चार जणांच्या गटाने गोळ्या घातल्या. दोघं गोळ्या लागूनही वाचले. आल्तमान यांनी लिहिलंय की सरांच्या शेजारी सोळा वर्षांचा एक पोरगा थरथरत होता, म्हणाला खूप दुखेल का, आणि सरांनी त्याचा हात धरून सांगितलं, नाही रे बाळा, नाही दुखत. हे शब्द नेमके असेच होते का याची चिकित्सा करायला सरांनीच आपल्याला शिकवलंय, तेव्हा ही आठवण कुणी, कुणाकडून ऐकून लिहिली हे वर्गात जरूर विचारा. पण त्यांना ओळखणाऱ्यांना ते असंच वागले असतील हे खरं वाटलं, हेही एक साधनच आहे.

सिमॉनबाई तेव्हा ल्योंमध्ये दवाखान्यात होत्या, कॅन्सर. नवऱ्याचं काय झालं ते त्यांना कळलंच नाही, 2 जुलैला त्या गेल्या. म्हणजे सहा मुलांनी पंधरवड्यात आई आणि बाप दोन्ही गमावले, आणि बाप गेलाय हे तर नंतर कळलं. काही महिन्यांनी मोठी मुलगी अलीस आणि सिमॉनबाईंची बहीण यांनी जपून ठेवलेल्या वस्तू बघून ओळख पटवली. या बाईंचा त्यांच्या कामातला वाटा, सहा मुलांचं घर सांभाळून, किती मोठा होता यावर अजून नीट बोललं जात नाही. अ‍ॅनल्सवर टीप लिहिताना सिमॉन विदाल हे नाव कुणी लिहिलेलं मी तरी बघितलेलं नाही.

सरांनी 18 मार्च 1941 ला मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. त्यात लिहिलंय की मी ज्यू म्हणून जन्मलो, ते मी कधी नाकारलं नाही, नाकारणारही नाही, पण माझ्यासाठी धार्मिक प्रार्थना म्हणू नका, कारण माझी त्या श्रद्धेवर निष्ठा नव्हती आणि शेवटच्या क्षणी खोटेपणा नको. कबरीवर दोनच लॅटिन शब्द हवेत, दिलेक्सित वेरितातेम, म्हणजे त्याने सत्यावर प्रेम केलं. आज ले बूर्ग-देम इथल्या त्यांच्या कबरीवर ते शब्द आहेत. 23 नोव्हेंबर 2024 ला स्ट्रासबर्गमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जाहीर केलं की मार्क ब्लॉक यांना पँथिऑन या पॅरिसमधल्या राष्ट्रीय स्मारकात स्थान दिलं जाईल, म्हणजे व्होल्तेर, रुसो, ह्युगो यांच्या रांगेत.

तर सर, मॅडम, त्यांची पुण्यतिथी साजरी करा, फोटोला हार घाला असं मी म्हणत नाहीये, त्यांना देव तर अजिबात करू नका, ते कडक होते, तिखट परीक्षणं लिहायचे, सहकाऱ्यांशी खटके उडायचे, त्यांच्या काही निष्कर्षांवर नंतरच्या अभ्यासकांनी भरपूर टीका केलीये आणि ती पण शिकवा. माझं मागणं एवढंच आहे की युनिट सुरू करताना एक तास या माणसासाठी द्या. सिलॅबस बदलायला बोर्डाची परवानगी लागते, एका तासाला लागत नाही. त्या अफवांच्या लेखातला ब्रेमेनचा व्यापारी सांगा आणि पोरांना म्हणा, आपापल्या फोनमधला इतिहासाचा एक फॉरवर्ड उघडा, तो खरा की खोटा हे नंतर बघू, आधी तो कुणाला हवाहवासा वाटतोय ते शोधा. शेतांच्या पट्ट्या सांगताना गावाकडून येणाऱ्या पोरांना विचारा की तुमच्या बांधाचा आकार असा का आहे, त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पेपर काढताना अ‍ॅनल्सवर टीप लिहा याऐवजी एखादं वर्ष असा प्रश्न घाला की राजाच्या हाताने रोग बरा होतो असं लोक का मानत होते, ब्लॉकने हे कसं शोधलं. आणि पहिल्या तासाला त्या लहान पोराचाच प्रश्न फळ्यावर लिहा, इतिहासाचा उपयोग काय, आणि पोरांना आधी बोलू द्या.

16 जून हा दिवस आपल्याकडे वर्ष सुरू व्हायच्याच सुमारास येतो, तेव्हा पोर्शनचं टेन्शन अजून सुरू झालेलं नसतं, त्या दोन-तीन आठवड्यांत हा तास घेता येईल. कुणी घेतलात तर पोरांनी काय काय विचारलं ते मला नक्की कळवा, मला ते वाचायचंय.

आपला नम्र,
इतिहासाचा एक माजी विद्यार्थी